चपला जागेवर ठेव

गेल्या शनिवारी रात्री लेकीला 'स्टार ट्रेक'चा एक भाग दाखवला. तिचं वय वर्षं अकरा, त्यामुळे 'जुनं' म्हणजे ती जन्मायच्या आधीचं काहीही. पहिल्या दोन मिनिटांतच विचारून झालं, "बाबा, हे सगळं पुठ्ठ्याचं आहे का?" म्हटलं, असेल, तू गप्प बस आणि बघ. पंचेचाळीस मिनिटांनी ती खरंच गप्प होती आणि मी चष्मा पुसत होतो. हा भाग मी आजवर दहाएक वेळा तरी पाहिलाय, आणि दरवेळी शेवटच्या दोन मिनिटांत चष्म्यावर काहीतरी जातंच. काचेचाच दोष असावा. :)

भागाचं नाव 'द इनर लाईट'. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ह्या मालिकेच्या पाचव्या सीझनमधला शेवटून दुसरा भाग. अमेरिकेत तो पहिल्यांदा दाखवला गेला १ जून १९९२ ला. मी पाहिला त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००७ साली. ऑनसाईट होतो, न्यू जर्सीत. जानेवारी महिना, गाडी नाही, बाहेर ढोपरभर बर्फ, आणि चालत जाण्याच्या अंतरावर एकच करमणूक, ती म्हणजे गावची पब्लिक लायब्ररी. तिथे डीव्हीडी फुकट मिळायच्या. एका वीकेंडला चार डिस्क उचलून आणल्या, मॅगी केली आणि बसलो. रविवारी रात्री हा भाग लागला. सोमवारी सकाळच्या स्टेटस मीटिंगमध्ये माझं लक्ष नव्हतं एवढं नक्की आठवतंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. (भाग १९९२ चा आहे, तेव्हा शेवट सांगितला म्हणून ओरडू नका.)

'एंटरप्राइझ' यानाला वाटेत एक अनोळखी, छोटंसं यंत्र तरंगताना दिसतं. त्यातून एक किरण निघतो आणि थेट कॅप्टन पिकार्डला लागतो. तो जागीच कोसळतो. शुद्धीवर येतो तो एका साध्या घरात, रेसिक नावाच्या गावात, कटान नावाच्या ग्रहावर. समोर एक बाई बसलेली. ती म्हणते, तू कामिन, मी तुझी बायको एलीन, तुला ताप आला होता, तापात तू बरळत होतास. तो अर्थातच ऐकत नाही. मी कप्तान आहे, माझं यान कुठाय, वगैरे. वर्षं जातात. पाच वर्षांनीही तो आकाशाकडे बघून नकाशे काढत असतो. मग हळूहळू दमतो. बायकोवर प्रेम करायला लागतो. मुलगी होते, मुलगा होतो. बासरी वाजवायला शिकतो, आधी अगदी भयाण, मग बरी. गावात दुष्काळ. तो मातीचे नमुने तपासत बसतो आणि त्याच्या लक्षात येतं की हे नेहमीचं अवर्षण नाही, सूर्यच बिघडलाय. मित्र जातो, बायको जाते, नातू अंगाखांद्यावर खेळतो.

मग एके दिवशी अगदी म्हातारा झालेल्या त्याला पोरं हाताला धरून बाहेर नेतात, एक रॉकेट उडताना बघायला. तिथे त्याला मेलेली बायको आणि मेलेला मित्र पुन्हा तरुण होऊन भेटतात आणि सांगतात की हे रॉकेट तू आधीच पाहिलंयस. तुला जे यंत्र सापडलं ते ह्याच रॉकेटमधलं. आमचा ग्रह हजार वर्षांपूर्वीच संपला. आम्हाला वाचता येणार नव्हतं. एवढंच वाटत होतं की आम्ही कसे जगलो ते कोणीतरी आठवावं.

पिकार्ड यानावर जागा होतो. मध्ये फक्त पंचवीस मिनिटं गेलेली. त्या यंत्रात एक डबी सापडते, डबीत बासरी. तो आपल्या खोलीत एकटा उभा राहून ती वाजवतो. संपलं.

आता हे बनलं कसं ते बघा. मला ह्यात सगळ्यात मजा वाटते ती कल्पनेच्या उगमाची. लेखक मॉर्गन गेंडेल. त्याला ही कल्पना सुचली ती आकाशात तरंगणारा जाहिरातीचा फुगा बघून. म्हणजे ते मोठालं, सुस्त, पोटावर कंपनीचं नाव लिहिलेलं हवाई धूड. हे असं डोक्यावर येऊन तुमच्यावर जाहिरात फेकतं, तर उद्या एखादं यंत्र थेट तुमच्या मेंदूतच काहीतरी फेकू शकेल, असा विचार. जाहिरातीच्या फुग्यापासून निघून एका मेलेल्या संस्कृतीपर्यंत पोचलेला माणूस! आमच्याकडे रिक्वायरमेंट बदलली की आम्ही बोंबा मारतो. :) पटकथा गेंडेल आणि पीटर अॅलन फील्ड्स ह्या दोघांनी मिळून लिहिली.

दिग्दर्शक पीटर लॉरिट्सन. हा मालिकेचा पोस्ट-प्रॉडक्शनवाला माणूस. संकलन, स्पेशल इफेक्ट्स, ध्वनी ही सगळी खाती बघणारा. दिग्दर्शन त्याने ह्याआधी कधीच केलं नव्हतं. आपल्या भाषेत, बिल्ड आणि रिलीज सांभाळणाऱ्याला एक दिवस म्हणाले, घे, हे मॉड्यूल तू लिही. आणि त्याने सीझनमधलं सगळ्यात चांगलं मॉड्यूल लिहिलं. (निदान माझ्या मते. वाद घालायला मी नेहमीच तयार.)

पॅट्रिक स्टुअर्टला पंचेचाळीस मिनिटांत म्हातारा करायचं काम मायकल वेस्टमोरच्या मेकअप खात्याचं. पण नुसत्या मेकअपने माणूस म्हातारा होत नाही. स्टुअर्ट बसतो कसा, उठताना हात कुठे टेकवतो, ऊन चुकवायला डोळे कसे बारीक करतो, ते बघा. आणि एक गंमत. गोष्टीतल्या त्याच्या मुलाचं काम केलंय डॅनियल स्टुअर्टने, म्हणजे त्याच्या खऱ्याखुऱ्या मुलाने. मुलगा बापाला सांगतो की मला आता नुसतं संगीतच करायचंय. हा प्रसंग बघताना ही माहिती डोक्यात असली की वेगळंच वाटतं.

पण भाग उभा आहे तो ह्या कशावरच नाही. तो उभा आहे किरकोळ गोष्टींवर. विज्ञानकथेत किरकोळ गोष्टींना जागा नसते, तिथे पंचेचाळीस मिनिटांत विश्व वाचवायचं असतं. इथे अर्धा वेळ काय चाललंय? बायको सूप पुढे करतेय. मुलाचं बारसं आहे आणि मित्र हजर आहेत. वाळत चाललेल्या गावाच्या चौकात एक रोप जगवायचा हट्ट चाललाय. आणि एलीन त्याला दर थोड्या वेळाने एकच गोष्ट सांगतेय, बूट जागेवर ठेव. मरणाच्या खाटेवरही ती तेच बोलते. प्रेमाबिमाचं भाषण नाही, बूट जागेवर ठेव म्हणते आणि तो हो म्हणतो.

आता थोडं विषयांतर. शीर्षकाचं काय ते सांगतो, कारण ते थेट आपल्या मुंबईपर्यंत येतं.

'द इनर लाईट' हे नाव गेंडेलने बीटल्सच्या गाण्यावरून घेतलं. गाणं जॉर्ज हॅरिसनचं. केंब्रिजचे संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो ह्यांनी त्याला सुचवलं होतं की 'ताओ ते चिंग'मधल्या ओळींना चाल लाव, आणि त्याने लावली. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन 'वंडरवॉल' सिनेमाच्या संगीतासाठी मुंबईला आला होता. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत काम चाललं होतं. त्याच मुक्कामात भारतीय वादकांना घेऊन त्याने ह्या गाण्याचं संगीतही करून घेतलं. सरोद, शहनाई, पखवाज, हार्मोनियम आणि बासरी. बासरीवाल्यांत हरिप्रसाद चौरसियांचं नाव घेतलं जातं. शब्द नंतर लंडनला गायले गेले आणि मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला गाणं आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ती पहिलीच वेळ.

त्या स्टुडिओत बाहेरचा आवाज नीट अडत नसे. तिथे केलेल्या काही ध्वनिमुद्रणांत कान देऊन ऐकलं तर रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असं हॅरिसनच सांगायचा. हे वाचलं तेव्हा मी हेडफोन लावून एक अख्खी संध्याकाळ फोर्टातल्या टॅक्सी शोधण्यात घालवली होती. सापडली की नाही ते सांगत नाही. पण एका सुंदर गोष्टीत चुकून आत आलेली १९६८ ची मुंबई कुठेतरी आहे, हे मला फार आवडलं. ह्या चुकून आत आलेल्या आवाजांकडे मी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

तर, भाग लोकांना कसा वाटला? १९९३ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथेतला हा मोठा मान. तेव्हा सिनेमा आणि टीव्ही ह्यांचे वेगळे गट नव्हते, सगळे एकाच रांगेत. स्पर्धेत कोण होतं? 'अलादीन', 'एलियन ३', 'बॅटमॅन रिटर्न्स' आणि कोपोलाचा 'ड्रॅक्युला'. एवढ्या सगळ्या पैलवानांना टीव्हीच्या एका पंचेचाळीस मिनिटांच्या भागाने चीत केलं. स्टार ट्रेकच्या एखाद्या भागाला ह्यूगो मिळाला तो थेट १९६८ नंतर. पुढे २००६ मध्ये क्रिस्टीजने स्टार ट्रेकच्या सामानाचा मोठा लिलाव केला, त्यात ती बासरी ४८,००० डॉलरला गेली. ती मुळी वाजतच नाही. कॅमेऱ्यापुरती केलेली वस्तू. ऐकू येते ती धून जे चॅटवे ह्या संगीतकाराची, वाजवली वेगळ्याच बासरीवर. न वाजणाऱ्या बासरीला अठ्ठेचाळीस हजार डॉलर! मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

तक्रारीही झाल्या. एक तक्रार आमच्यासारख्या तांत्रिक लोकांची : जे लोक जेमतेम रॉकेट उडवतात, त्यांना परक्याच्या मेंदूत अख्खं आयुष्य ओतणारं यंत्र कसं काय जमलं? बरोबर आहे, उत्तर नाही. दुसरी जास्त गंभीर : पिकार्डला कोणी विचारलं होतं का? न विचारता एखाद्याच्या डोक्यात चाळीस वर्षांची बायको, पोरं आणि त्यांचं मरण घालणं ही जबरदस्तीच. हेही बरोबर.

तिसरी तक्रार मात्र मला सगळ्यात जास्त लागते. पुढच्या भागात पिकार्ड पुन्हा कामावर! नवी मोहीम, नवे शत्रू. चाळीस वर्षं जगून आलेला माणूस सोमवारी डेस्कवर हजर. सहाव्या सीझनमधल्या 'लेसन्स' नावाच्या भागात त्याची आठवण निघते खरी, तेवढीच. ह्याबद्दल मालिकेच्या लेखकांपैकी रोनाल्ड मूरने फार प्रांजळपणे सांगितलंय. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा की खरं तर हा अनुभव पिकार्डला कायमचा बदलून टाकणारा होता, पण बनवताना आमच्या मनात तसं काही नव्हतं, आम्हाला फक्त तासभराचा एक चांगला कार्यक्रम करायचा होता. वर्षाला सव्वीस भाग काढायचे असतात. एक संपला की दुसरा. आपण काय बनवून बसलोय ते बनवणाऱ्यांनाही नंतरच कळलं.

हे वाचून मी त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं. कारण तोपर्यंत माझंही असंच काहीतरी झालेलं होतं.

पुण्यातली पब्लिक हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी बघायला जाते. तुम्हीही गेला असाल. पहाटे निघायचं, होडीत बसायचं, मोठ्या लेन्सा काढायच्या, येताना मासे खायचे. ते पाणी म्हणजे उजनी धरणाचं बॅकवॉटर. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि काठची बरीच गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, मग पेपरात फोटो येतात. माझ्या आजीचं गाव त्याच पाण्याखाली आहे. त्याचं देऊळ वर येत नाही. त्याचे फोटोही नाहीत.

२००८ मध्ये मी ऑनसाईटवरून परत आलो तो डोक्यात एक प्लॅन घेऊनच. 'इनर लाईट' बघितल्यापासून ते खूळ डोक्यात होतं. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे. तिचं गाव तिच्या डोक्यात अख्खं शाबूत होतं, कुठल्या घराच्या मागे कुठली बोरीबाभळी इथपर्यंत. म्हटलं, आपण हे सगळं टिपून ठेवायचं. आवाज रेकॉर्ड करणारा एक एमपीथ्री प्लेअर अमेरिकेतून आणलेला होताच. चार वीकेंड गावी गेलो. नव्या गावठाणात, पत्र्याच्या पडवीत बसून साडेपाच तास रेकॉर्डिंग केलं.

आणि कसं केलं? हे लिहितानाही लाज वाटते. रिक्वायरमेंट गोळा करायला क्लायंटकडे जातात तसं! प्रश्नांची यादी छापून नेली होती. घरं किती, विहिरी किती, आड कुठे, पार कुठे, बाजार कुठल्या वारी, हलवलं कुठल्या साली. आजी उत्तर द्यायची पण ट्रॅकवर राहायची नाही. मध्येच, "आरं, पंखा बंद कर की, आवाजानं डोस्कं उठलंय." मध्येच कोंबडीला हाकलायची. मध्येच विहिरीचा विषय सोडून त्या विहिरीत कोणाची घागर कशी पडली, ती काढायला कोण उतरलं आणि त्याचं पुढे लग्न कोणाशी जमलं, ह्यावर वीस मिनिटं. आणि दरवेळी मी आत आलो की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी त्या चपला नीट लाव. वाटंत पडल्यात." चारही वीकेंडच्या रेकॉर्डिंगची सुरुवात ह्याच वाक्याने होती, कारण मी बटण दाबूनच आत शिरायचो.

पुण्यात आल्यावर मी ते सगळं ऐकून एक डॉक्युमेंट तयार केलं. एकदम व्यवस्थित. मथळे, उपमथळे, गावाचा नकाशा, घरांची यादी, सालवारी. 'असंबद्ध' भाग गाळला. सतरा पानं झाली. सगळ्या नातेवाईकांना मेल केली, सगळ्यांनी वा वा केली. मग २००९ मध्ये कधीतरी लॅपटॉपवर जागा कमी पडली. एक व्हर्च्युअल मशीन बसवायचं होतं. मोठ्या फायली शोधल्या, तर वर ह्याच. तीन जीबी. डॉक्युमेंट तर तयार आहे, मग कच्चा माल कशाला ठेवायचा? शिफ्ट डिलीट.

ऑफिसात बॅकअपचे नियम मीच लिहिले होते हो.

आजी २०११ च्या श्रावणात गेली. दिवसपाणी झाल्यावर सगळे पडवीत बसलेले, आत्या म्हणाली, "तू तिचं बोलणं टिपून घेतलं होतंस ना? लाव की जरा." मी सतरा पानी डॉक्युमेंट उघडलं. आत्याने चष्मा लावला, दोन पानं वाचली आणि परत दिलं. म्हणाली, "छान केलंयस." ते 'छान' मला अजून ऐकू येतं.

पुढच्या जानेवारीत, २०१२ मध्ये, मालिकेचे ब्लू-रे यायला सुरुवात झाली. आधी नमुन्यादाखल एक डिस्क काढली, तिच्यात तीनच गोष्टी होत्या आणि त्यातली एक 'द इनर लाईट'. हे काम कसं केलं ते वाचताना मी खुर्चीतच बसून राहिलो. झालं होतं असं की मालिकेचं चित्रीकरण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर व्हायचं, पण संकलन आणि सगळे इफेक्ट्स व्हिडिओटेपवर. टीव्हीवर दिसलेली तयार प्रत म्हणजे टेप, आणि टेपचं रिझोल्यूशन ते केवढंसं. मोठ्या पडद्यावर ताणली की नुसता राडा. तयार प्रतीतून आता काहीच मिळण्यासारखं नव्हतं.

मग त्यांनी काय केलं? गोदामातून मूळ निगेटिव्ह काढल्या. कच्चा माल. एकेक शॉट शोधला, नव्याने स्कॅन केला, जुन्या संकलनाबरहुकूम पुन्हा जोडला, इफेक्ट्स नव्याने बसवले. सात सीझनचं हे काम २०१४ पर्यंत चाललं. आणि चित्र काय लख्ख आलं! एलीनच्या कपड्याचं विणकाम दिसतं, म्हाताऱ्या कामिनच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. ते सगळं १९९२ पासून तिथेच होतं, फक्त तयार प्रतीत उतरलं नव्हतं. कोणीतरी वीस वर्षं ती रिळं फेकली नाहीत म्हणून हे जमलं. जागा तिथेही लागतच असणार. भाडंही लागत असणार.

माझ्याकडे फक्त तयार प्रत आहे. सतरा पानं.

तर गेल्या शनिवारी भाग संपल्यावर लेकीने थोडा वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, "पण बाबा, त्यांनी सरळ फोटो आणि माहिती का नाही पाठवली? मेमरी कार्डात मावलं असतं सगळं." माझीच पोर! मी तिला 'व्हॉयेजर'चं सांगितलं. १९७७ मध्ये आपणही दोन यानांवर सोन्याच्या मुलाम्याची एकेक तबकडी पाठवली आहे. तिच्यावर शंभराहून जास्त चित्रं आहेत, पंचावन्न भाषांत नमस्कार आहेत आणि त्यात मराठीही आहे. गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती उडून बसली. मराठी? खरंच? मग ते ऐकण्यात पुढचा अर्धा तास गेला.

नंतर झोपताना तिनेच विषय काढला. म्हणाली, "पण तबकडीवाल्यांना कळणार नाही ना, की केसरबाई घरी कोणाला ओरडायच्या का." मी म्हटलं, नाही कळणार. "आणि ह्याला कळलं. बुटांचं." मी म्हटलं, हो. एवढं बोलून ती झोपली. मी बराच वेळ जागा होतो.

कटानच्या लोकांनी ज्ञानकोश पाठवला नाही, कारण ज्ञानकोशातून जे गळतं तेच त्यांना पाठवायचं होतं. माझ्या डॉक्युमेंटात गावात विहिरी किती ते आहे. पंखा, कोंबडी, घागर आणि चपला नाहीत. मी जे 'असंबद्ध' म्हणून गाळलं तीच आजी होती. फोर्टातल्या टॅक्सी मी पुसून टाकल्या. वाईट हेतूने नाही. मूर म्हणतो तसंच, मलाही फक्त एक चांगलं डॉक्युमेंट करायचं होतं.

रविवारी सकाळी आईकडे गेलो. आई आता बहात्तरची आहे आणि ते गाव तिने लेकुरवाळी होईपर्यंत सून म्हणून पाहिलेलं आहे. म्हणजे तिच्याकडेही एक प्रत आहे, वेगळ्या कॅमेऱ्यातून काढलेली. ह्यावेळी यादी नेली नाही. फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तो खिडकीत ठेवला आणि म्हटलं, बोल काहीही. ती म्हणाली, "काहीही म्हणजे काय? आणि तो फोन उन्हात कशाला ठेवलायस, तापेल ना." मग भाजी निवडता निवडता दीड तास बोलली. त्यात गाव दहा मिनिटं आलं असेल. बाकी लिफ्टवाल्याची तक्रार, मावशीचा गुडघा, दोनदा कुकरची शिट्टी आणि एकदा लेकीचं, "आजी, पाणी दे."

फाईल दीडशे एमबीची आहे. तीन ठिकाणी ठेवली आहे, एक आत्याच्या घरी. ऐकून तिचं डॉक्युमेंट वगैरे काही करणार नाहीये.

पुढच्या रविवारी परत जाणार आहे. निघताना दारात चपला घालत होतो तर आतून आई ओरडली, "फोन विसरलास!" खरंच विसरलो होतो. तो अजून चालूच होता.